आपली पेठ आपणच दाखवू या!

पुणे दर्शनाची बस शनिवारवाड्यापाशी थांबते. पेठांच्या बोळांत ती शिरत नाही. तिथे वाटाड्या हवा तो रहिवासीच. टोरांटो शहरात २००७ पासून जेन जेकब्ज या विदुषीच्या स्मरणार्थ शेजारीच शेजाऱ्यांना आपला भाग पायी हिंडवून दाखवतात. तिकीट नाही, तज्ज्ञही नाही!

आपल्याला कोणी अडवले आहे? सदाशिव पेठेतील मैत्रिणीने मला हौद दाखवला. पेशवाईत पाणी भुयारी नळातून तिथवर कसे येई, ते सांगितले. मी तिला आमच्या गंज पेठेत नेले. जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, ती जागा दाखवली. एकाच गावच्या पाण्याचा इतिहास दोघींकडे अर्धा अर्धा होता.

न दाखविलेले हरवते. १८४८ साली जिथे मुलींची शाळा भरली, त्या भिडे वाड्यावरून पुणेकर वर्षानुवर्षे खरेदीच्या घाईत गेले. स्मारकासाठी २०२३ साली तो पाडावा लागला, तेव्हा मोडकळीसच आला होता.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. पण पेठेची माहिती माझ्यापेक्षा आईला अधिक. मित्रमैत्रिणींनो, एखाद्या रविवारी या. प्राध्यापकांनीही यावे, तेवढा एक तास आई घेईल.