दूरध्वनीवरील चिकित्सा आणि आपले दायित्व

गडबवरून जाणारा मुंबई-गोवा महामार्ग पुढे रत्नागिरीच्या दिशेने जातो. तेथील एका प्रसूत रुग्णेच्या मृत्यूप्रकरणी, तिला न तपासता दूरध्वनीवरून औषधे सांगितल्याचा आरोप असलेल्या डॉक्टर दांपत्यास मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०१८ मध्ये अटकपूर्व जामीन नाकारला. ते आधुनिक वैद्यकाचे होते, म्हणून आपण निश्चिंत राहावे, हे आम्हांस मान्य नाही.

दर्शन, स्पर्शन, प्रश्न ही आपली त्रिविध परीक्षा. दूरध्वनीवर प्रश्न तेवढा उरतो. पडद्यावर दर्शन थोडेफार साधते, नाडी मात्र हाती लागत नाही. भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषदेने एप्रिल २०२० मध्ये दूरचिकित्सेची मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यामुळे मार्ग खुला झाला. दायित्व मात्र हलके झाले नाही. रुग्णाची ओळख पटवावी, नोंद ठेवावी, चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक घालावा आणि शंका येताच रुग्णास समक्ष बोलवावे.

औषधालयांच्या मालकांनाही यातून सुटका नाही. चिठ्ठीचे छायाचित्र भ्रमणध्वनीवर चार हातांतून फिरत येते. त्यावर कधी दिनांक नसतो, कधी सही. वत्सनाभ, भल्लातक अनुसूची ई(१) मध्ये आहेत. त्यांच्या कल्पांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापावीच लागते. असा कल्प देण्यापूर्वी वैद्यांना एकदा विचारण्यास कितीसा वेळ लागतो?