परदेश मुलचेऱ्यातही असतो

माझा भाचा पुण्यात समाजशास्त्रात एमए करतो. दिवाळीच्या सुट्टीआधी त्याने मला व्हॉट्सॲपवर एक प्रश्नावली पाठवली. विषय होता ‘स्थलांतरितांचे अनुभव, नातेसंबंध आणि परदेशातील वृद्धत्व’. खाली निरोप होता, ‘खाला, तुमच्या ओळखीतल्या दहा जणांकडून भरून घ्या ना.’ प्रश्न चांगले होते. मूळ देश कोणता, किती वर्षं परदेशात आहात, कोणत्या भाषेत स्वप्न पडतं, आजारपणात कोण धावून येतं, मायदेशी परतण्याचा विचार आहे का.

मी उर्दू-मराठीची शिक्षिका. माझ्या घरी उर्दू, वर्गात मराठी आणि वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी बंगाली. गडचिरोली जिल्ह्यातल्या मुलचेरा तालुक्याबाहेरच्या माणसाला याचं नवल वाटतं. इथे अमेरिकेत गेलेला माणूस शोधायचा म्हटलं तर दिवस जाईल. पण परक्या मुलखात म्हातारी झालेली माणसं मला रोज दिसतात. म्हणून मी नववीतल्या एका मुलीच्या घरी गेले, तिच्या ठाकुमाजवळ बसले आणि भाच्याचे प्रश्न विचारले. ठाकुमा म्हणजे वडिलांची आई.

मूळ देश? ‘खुलना.’ किती वर्षं झाली? तिने बोटांवर मोजलं, नातीने दुरुस्त केलं, एकसष्ट. परतण्याचा विचार? म्हातारी हसली. ‘आमि जाबो कोथाय?’ मी जाणार कुठे? मग म्हणाली, जनगणनेवाले आले, मतं मागणारे आले, पण स्वप्न कोणत्या भाषेत पडतं हे आजवर कोणी विचारलं नव्हतं.

उत्तरं पाठवली. दोन दिवसांनी भाच्याचा फोन आला. ‘खाला, हे चालणार नाही. त्या भारतीय नागरिक आहेत. त्या परदेशात नाहीत.’

पोराला दोष देत नाही. चौकट त्याने आखलेली नाही. पण ज्या चौकटीत ही ठाकुमा बसत नाही, ती चौकटच चुकीची आहे, असं माझं म्हणणं आहे आणि ते मी इथे मांडणार आहे.

आधी या माणसांची गोष्ट थोडक्यात. डिसेंबर १९६३ मध्ये श्रीनगरच्या हजरतबलमधून पवित्र केस नाहीसा झाला आणि जानेवारी १९६४ मध्ये त्याचे पडसाद पूर्व पाकिस्तानात खुलना, ढाका, नारायणगंजला उमटले. हिंदूंची घरं जळाली. त्याच महिन्यात कोलकात्यात मुसलमानांची घरं जळाली आणि तिकडूनही लोंढे सीमेपार गेले. इकडे आलेल्यांपैकी अनेकांना रायपूरजवळच्या माना कॅम्पमध्ये ठेवलं आणि मग दंडकारण्यात, तसंच तेव्हाच्या चांदा जिल्ह्याच्या जंगलात वसवलं. गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये वेगळा झाला, त्याच्या कितीतरी आधी इथे बंगाली गावं उभी राहिली होती. सुंदरनगर, विवेकानंदपूर ही नावंच सांगतात की वसणारे कुठून आले. नदीनाल्यांच्या, होड्यांच्या मुलखातल्या माणसांना सागवानाच्या जंगलात आणून सोडलं. त्यांनी धानाच्या बांध्या घातल्या, बोड्या खोदल्या, मासोळी पाळली. साठ वर्षांत मुलं मराठी बोलायला लागली, नातवंडं मराठीत निबंध लिहितात. म्हाताऱ्या मात्र अजूनही ‘देश’ म्हणतात तेव्हा त्यांना भारत अभिप्रेत नसतो, बांगलादेशही नसतो. एक घाट, एक सुपारीची बाग, एवढाच त्यांचा देश.

हे परदेशातलं म्हातारपण नाही तर काय आहे?

परदेशाची आपली व्याख्या पासपोर्टवर उभी आहे. विमानात बसून जो गेला तो स्थलांतरित, त्याच्या एकटेपणावर नाटक, सिनेमा, दिवाळी अंकात लेख. पायी चालत, रात्री नदी ओलांडून जो आला तो निर्वासित, त्याची फक्त फाईल. अभ्यासकांनी या विषयावर उत्तम काम केलं आहे, ते मी नाकारत नाही. सारा लॅम्ब या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंचं भारतीय वृद्धत्व आणि परदेशस्थ कुटुंबं यांवरचं पुस्तक २००९ मध्ये आलं. त्यातही बंगाली म्हातारे आहेत, पण ते कोलकात्याचे आणि अमेरिकेचे. मुलं परदेशी गेलेले मध्यमवर्गीय बंगाली आणि जंगलात पाठवलेले नमःशूद्र बंगाली यांच्यात वर्गाचं आणि जातीचं अंतर आहे. प्रश्न विचारणारा माणूस बहुतेक वेळा त्या अंतराच्या वरच्या टोकाला उभा असतो, आणि त्याला आपल्यासारखेच आधी दिसतात.

नमःशूद्र हा शब्द मराठी वाचकाने नीट लक्षात ठेवावा. १९४६ मध्ये मुंबई प्रांतातून बाबासाहेब आंबेडकरांना संविधान सभेत जाता आलं नाही, तेव्हा ते बंगालमधून निवडून गेले. त्यासाठी धडपडणारे जोगेंद्रनाथ मंडल याच समाजाचे. मंडल पुढे पाकिस्तानचे पहिले कायदामंत्री झाले आणि १९५० मध्ये तिथल्या दंगलींनंतर राजीनामा देऊन भारतात परतले. ज्या समाजाच्या नेत्याने बाबासाहेबांना संविधान सभेत पोहोचवलं, तोच समाज बाबासाहेबांच्या महाराष्ट्रात आल्यावर अनुसूचित जातींच्या यादीत नाही. पश्चिम बंगालमध्ये आहे, इथे नाही. उद्या यादीत घातला तरी पडताळणीत १० ऑगस्ट १९५० पूर्वी पूर्वज महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा मागतात. १९५० मध्ये यांचे पूर्वज खुलन्यात धान कापत होते. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलेल्याला सवलत मूळ राज्यातच मिळते, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये सांगितलं. ज्यांचं मूळ राज्यच सीमेपलीकडे गेलं, त्यांनी कुठे अर्ज करायचा?

शेताला लागून कसलेल्या जादा वनजमिनीचंही तेच. २००६ च्या वनहक्क कायद्यात आदिवासी नसलेल्यांना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. इथे कोणी मला थांबवून म्हणेल, बाई, ती जमीन माडिया-गोंडांची होती. खरं आहे. वसाहत आखताना माडियांना कोणी विचारलं नाही आणि निर्वासितांनाही विचारलं नाही. दोघांना न विचारता जे झालं, त्याचा हिशेब त्या दोघांनी एकमेकांकडून मागावा, हा न्याय मला मान्य नाही.

ठाकुमाच्या आधार कार्डावर जन्मतारीख १ जानेवारी आहे. तिच्या पिढीत जवळपास साऱ्यांची तीच. कोणीतरी अंदाजाने वर्ष टाकलं, ते सहा वर्षांनी चुकलं, म्हणून श्रावणबाळ योजनेचा पगार, जो आता दरमहा १५०० रुपये आहे, तो तिला सहा वर्षं उशिरा सुरू झाला. कागदावर माणूस उशिरा म्हातारा होतो, अंगाने नाही.

आता माझ्या समाजाशी बोलते, कारण त्याशिवाय हा लेख अर्धा राहील.

‘तुमी मोसलमान?’ ठाकुमाने चहा देता देता विचारलं. मी मान हलवली. नात गप्प झाली. म्हातारीने सांगितलं, ज्यांनी आमची धानाची कोठी जाळली ते मुसलमान होते आणि ज्याने रात्री आपल्या नावेत बसवून आम्हाला घाटापर्यंत सोडलं तोही मुसलमानच होता, बाबांचा शेजारी. तिने एवढंच सांगितलं. कशाचा निष्कर्ष काढला नाही. चहात साखर बरोबर आहे का, ते विचारलं.

या दोन वाक्यांपैकी एक वाक्य एका बाजूला हवं असतं, दुसरं दुसऱ्या बाजूला. जळलेली कोठी सांगून मतं मागणाऱ्यांना नाव नको असते. आणि आपल्या लोकांना नाव हवी असते, कोठी नको. २०१९ मध्ये नागरिकत्व दुरुस्ती कायदा आला, त्यात धर्म मोजून मुसलमानांना वगळलं. त्या कायद्याला माझा तेव्हाही विरोध होता, आजही आहे. पण आमच्या सभांमध्ये मी गेले तेव्हा पूर्व पाकिस्तानातून हाकललेल्या दलित हिंदूंबद्दल एक शब्द ऐकला नाही. त्यांचं दुःख मान्य केलं तर सरकारचा मुद्दा बळकट होईल, अशी भीती. मला ही भीती कमजोर इमानाची वाटते. जुलूम झाला असेल तर तो आपल्या नावावर झाला तरी जुलूमच आहे, हे आपण नाही म्हणायचं तर कोणी?

शिवाय दुसरी गंमत बघा. शहरात दाढी-टोपीवाल्या मजुराला ‘बांगलादेशी’ म्हणून हिणवतात, आणि आमच्या तालुक्यातल्या बंगाली पोरालाही बाजारात भांडण झालं की तेच ऐकावं लागतं. आपण घाईघाईने सांगतो, आम्ही बांगलादेशी नाही. तोही सांगतो, आम्ही नाही. हा शब्द शिवी कधी झाला आणि कोणी केली, हे मात्र दोघांपैकी कोणी विचारत नाही.

आपल्या घरातले परदेश तरी आपण कुठे मोजले? माझे चाचा जेद्दाहला बावीस वर्षं ट्रेलर चालवत होते. दोन वर्षांनी एकदा दोन महिन्यांची सुट्टी. मी हिशेब केला, बावीस वर्षांच्या संसारात चाचींना नवरा बावीस महिने मिळाला. आखातात नोकरी आहे तोवर राहायची मुभा, तिथे म्हातारं होण्याची बहुतेकांना परवानगीच नसते. अठ्ठावन्नाव्या वर्षी चाचा साखर आणि कंबरदुखी घेऊन परतले, तेव्हा मुलं त्यांच्याशी पाहुण्यासारखं अदबीने बोलायची. आजही ते अंगणात बसतात, दिवाणखान्यात नाही. भाच्याच्या फॉर्ममध्ये तेही बसत नाहीत, कारण ते आता ‘परदेशात’ नाहीत. चाची तर कधी गेल्याच नाहीत, म्हणून त्यांना कोणी विचारणारच नाही.

केरळने १९९८ पासून घरोघर जाऊन स्थलांतराची पाहणी केली, पुन्हा पुन्हा केली. कोण गेलं, कोण परतलं, मागे राहिलेल्या बायका आणि आईबाप कसे जगतात, याचे आकडे तिथे धोरण आखणाऱ्यांच्या हाती आहेत. कोकणातल्या ज्या मुस्लिम गावांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसं आखातात गेली, त्यांची अशी नोंद महाराष्ट्राने ठेवली का? मशिदीचा नवा मिनार दिसतो, त्याखालचं रिकामं घर दिसत नाही.

गोंडवाना विद्यापीठ २०११ पासून आमच्याच जिल्ह्यात आहे. मुलचेरा तिथून दूर नाही. १९६४ मध्ये जे जाणते होते, ते आज सत्तरीच्या पुढे आहेत. दहा वर्षांनी त्यांना काही विचारायचं म्हटलं तर फक्त फोटो उरतील. संशोधनाला निधी, परवानगी, मार्गदर्शक सगळं लागतं हे मला कळतं. म्हणून शिक्षकांना सांगते, आपण वाट बघू नये. मी नववीच्या वर्गाला सुट्टीचा अभ्यास दिला आहे. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला दहा प्रश्न विचारा, उत्तरं त्यांच्या भाषेत लिहा, मग मराठीत. बंगाली मुलं ठाकुमाला विचारतील, माडिया मुलं आपल्या आजीला विचारतील की ही गावं वसली तेव्हा तिने काय पाहिलं. वर्गात दोन मुसलमान मुली आहेत, त्यांचे आजोबा बल्लारपूरला कागद कारखान्यात कामाला आले होते, त्या त्यांना विचारतील.

भाच्याला मी सांगितलं, तुझ्या फॉर्ममधला ‘परदेश’ शब्द काढ आणि ‘परका मुलूख’ लिही. तो म्हणाला, सरांना विचारून सांगतो. अजून त्याचा फोन आलेला नाही. ठाकुमाने मात्र नातीकडून निरोप पाठवला आहे, बाईंना म्हणावं, एक प्रश्न राहिला. स्वप्न बंगालीत पडतं, पण त्यात नदी वाहते ती हल्ली इथली असते.