अंगणातली पद्मिनी

गेल्या पंधरवड्यातल्या पत्रांत एक पत्र चक्क मोटारीबद्दल होतं. आपल्या पुरवणीकडे पाककृती येतात, सुनांच्या तक्रारी येतात, सासवांच्या त्याहून जास्त येतात. मोटार मात्र पहिल्यांदाच आली. पत्र लिहिणाऱ्या ताई तालुक्याच्या गावातल्या, वय अठ्ठावन्न. यजमानांना जाऊन दोन महिने झालेत. त्यांची १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी अंगणात ताडपत्रीखाली उभी आहे. चालू स्थितीत आहे. मुलं म्हणतात, भंगारवाला देईल त्या भावात देऊन टाकू, जागा तरी मोकळी होईल. आणि ताई विचारतात, ‘मला ती चालवायला शिकायचंय. हे वेड तर नाही ना?’

नाही हो ताई. वेड कसलं!

पुष्कळजणींना ही गाडी ‘फियाट’ म्हणूनच माहीत असेल. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली, कुर्ल्याला कारखाना उभा केला आणि इटलीच्या फियाट कंपनीच्या गाड्या तिथे तयार होऊ लागल्या. १९५४ मध्ये आलेल्या गाडीचं नाक असं काही होतं की लोकांनी तिचं बारसंच करून टाकलं, ‘डुक्कर फियाट’! तिचे पुढचे दरवाजे उलटे उघडायचे. १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाईट आली आणि तीच गाडी १९७४ पासून चितोडच्या राणीच्या नावानं ‘पद्मिनी’ झाली. नाव राणीचं, पण चालवणारे बहुतेक सगळे राजेच, ही गंमत तेव्हा कोणाच्या ध्यानात आली नसावी.

दिसायला काही फार देखणी नव्हती. चौकोनी डबा, गोल डोळे, पुढच्या खिडकीला ती छोटी त्रिकोणी काच, जी वळवली की वारा थेट तोंडावर. गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच, त्यामुळे पुढची सीट सलग बाकासारखी. त्या बाकावर नवरा, बायको, मध्ये एक पोर आणि मांडीवर दुसरं अशी जेजुरीपासून गणपतीपुळ्यापर्यंत सगळी देवस्थानं झाली. डिकीत स्टोव्हपासून गादीपर्यंत सगळं मावायचं. मुंबईला लेकीला हॉस्टेलवर पोचवायला गेलेल्या आयांनी तिची वळकटी चढवली ती काळ्यापिवळ्या पद्मिनीच्या टपावरच. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून उतरली. त्या दिवसांत कितीतरी जणांनी हळहळून लिहिलं. पण आठवणी सगळ्या मागच्या सीटवरच्या नाहीतर ड्रायव्हरच्या.

मला स्वतःला या गाडीचं सगळ्यात जास्त काय आवडतं, तर ती समजते. बॉनेट उघडलं की हा रेडिएटर, हा फॅनबेल्ट, हा कार्बोरेटर, हे प्लग. सगळं डोळ्यांना दिसतं, हाताला लागतं. थंडीत सकाळी चोक ओढायचा. बॅटरी उतरली तर दुसरा गिअर टाकून चौघांनी धक्का मारायचा आणि वेग आला की क्लच सोडायचा. तालुक्याच्या कुठल्याही जुन्या मिस्त्रीला ती तोंडपाठ. आणि उन्हाळ्यात घाट चढताना बंद पडली तर? आठवतंय ना? इंजिनाच्या उष्णतेनं पंपातल्या पेट्रोलची वाफ व्हायची, आणि पंप पेट्रोल ओढतो, वाफ ओढू शकत नाही. मग ओलं फडकं पंपावर ठेवायचं आणि झाडाखाली बसायचं. पंप गार झाला की वाफेचं परत पेट्रोल. कुकरवर गार पाणी ओतलं की वाफ बसते, तेच हे शास्त्र! आता सांगा, ते फडकं भिजवून कोण द्यायचं? पाण्याचा कॅन आठवणीनं कोण भरून ठेवायचं? म्हणजे दुरुस्तीचं निम्मं काम आपल्याकडेच होतं, फक्त बॉनेटमध्ये वाकून बघायला कोणी बोलावलं नाही.

शिलाई मशीन अडकलं तर आपण बॉबीन काढून बघतो. गॅसचा बर्नर पिनेनं साफ करतो. उघडता येणारी वस्तू बाईला परकी वाटत नाही. आजच्या गाडीत एक पिवळा दिवा लागतो आणि आपण गप जिल्ह्याच्या गावी वर्कशॉपचा रस्ता धरतो. गाडी चांगली असते, सुरक्षितही असते, पण तिच्या पोटात काय चाललंय ते कळत नाही.

फ्रान्समध्ये पद्मिनीसारखीच एक गरीब गाडी होती, सिट्रोएनची टू-सीव्ही. तिची गोष्ट इथे सांगायलाच हवी. १९३० च्या दशकात कंपनीचे प्रमुख पिएर बुलांजे यांनी इंजिनिअर मंडळींना सांगितलं, मला अशी गाडी द्या जिच्यात दोन शेतकरी आणि पन्नास किलो बटाटे मावतील, नांगरलेल्या शेतातून नेली तरी टोपलीतली अंडी फुटणार नाहीत आणि (इथे नीट वाचा) नवशिक्या बाईलाही जी सहज चालवता येईल. मध्ये महायुद्ध आलं. १९४८ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात ती लोकांसमोर आली तेव्हा कितीतरी जण हसले. छप्पर कापडाचं, हवं तेव्हा गुंडाळून ठेवायचं. सीट काढून झाडाखाली बसायला घेता येत. इंजिन हवेनंच गार होणारं, त्यामुळे पाणी भरायची भानगड नाही. हसणारे हसले, पण गाडी मिळवायला लोक वर्षानुवर्षं थांबले आणि १९९० पर्यंत ती अडतीस लाखांवर बनली.

आपल्याकडे गाडी बनवताना बाईचा विचार असा आधी कोणी मांडल्याचं माझ्या वाचनात नाही. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, स्टिअरिंग हलकं, गाडी एवढीशी, आणि ड्रायव्हिंग स्कूलमध्ये साडीचा पदर खोचून बसलेल्या बायका दिसू लागल्या. तीही आता जुन्यांत जमा झालीय. २०१४ मध्ये ती बनायची थांबली.

ताई, एवढं कौतुक केलं म्हणून डोळे झाकून हो म्हणत नाहीये. पद्मिनीचं स्टिअरिंग जड आहे, गाडी उभी असताना वळवायला खांदे लागतात. एअरबॅग नाही, जुन्या गाड्यांना पट्टेही नसतात. नातवंडांना घेऊन हायवेला तिच्यातून जाऊ नका; बाकावर मध्ये पोर बसवण्याचे दिवस गेले आणि गेले ते बरंच झालं. धूरही आजच्या गाडीपेक्षा जास्त सोडते. पण गावातल्या गावात बाजार, बँक, दवाखाना, शेतावरची एखादी फेरी, एवढ्याला ती पुरे. आधी ड्रायव्हिंग स्कूलच्या हलक्या गाडीवर हात बसवा. मग शाळेच्या मैदानावर पद्मिनी काढा.

खर्चाचं मुलं बोलतील, तेव्हा ते आधीच माहीत असू द्या. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. त्याची फी २०२२ मध्ये पाच हजार झाली आणि वीस वर्षांवरच्या कारला २०२५ मध्ये दहा हजार. शिवाय ग्रीन टॅक्स आणि विमा. हे स्वस्त नाही. पण भंगारात द्यायची ठरलीच, तर मान्यताप्राप्त केंद्रातच द्या आणि नोंदणी रद्द करून घ्या. नाहीतर गाडी जाते आणि कागद आपल्या घरच्या नावावर तसाच राहतो.

पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ पासून वेगळा नियम आहे. ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवली की रोजच्या कामाला वापरायची नाही, फक्त प्रदर्शनात आणि रॅलीत मिरवायची. पन्नाशीनंतर घरकाम बंद, नुसतं मिरवायचं! असा नियम आपल्याला कोणी लावत असेल तर कळवा. तुमची पद्मिनी अजून पन्नाशीच्या आतली आहे, तेव्हा तिला काम सांगायला हरकत नाही.

आता घाईचं तेवढं. मालक गेल्यावर तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करून घ्यायची असते. कळवलं नसेल तर उद्याच कळवा. सोबत मृत्यूचा दाखला लागेल आणि इतर वारसांची हरकत नसल्याचं लिहून घ्यावं लागेल. म्हणजे मुलांच्या सह्या हव्यात, तेव्हा बोलणं आधी घरात करावं लागणार. ते तुम्हालाच करायचंय, माझ्या पत्रानं होणार नाही. विमाही तुमच्या नावावर करून घ्या. लर्निंग लायसन्सला चाळिशीवरच्यांना डॉक्टरांचा दाखला लागतो, फॉर्म १-ए म्हणतात त्याला. तुमच्या हातात एकच महिना उरलाय. दोन्ही कामांची चौकशी एकाच फेरीत उरकून घ्या, आणि जाताना मुलाला बरोबर घेऊन जा.