टेक्का बाजारातील अक्का

मुलांकडे परदेशी राहून परतलेली आमच्या वयाची मंडळी वसई स्थानकाच्या फलाटावर भेटली, की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "तिकडे खाण्याचे काय केलेत?" हवापाणी, नातवंडे, विमानाचे भाडे हे सर्व त्यानंतर. २०२३ साली आम्ही उभयता मुलाकडे सिंगापूरला काही महिने राहून आलो, तेव्हापासून हा प्रश्न मलाही पुष्कळ वेळा विचारला गेला आहे. त्याचे उत्तर मी दर वेळी निराळे देतो. आज सविस्तर देतो.

तेथे 'लिटल इंडिया' भागात, सरंगून रोडवर टेक्का सेंटर नावाचा मोठा बाजार आहे. १९१५ साली तो प्रथम उभा राहिला, तेव्हा त्याचे नाव कांडांग करबाऊ, म्हणजे मलय भाषेत म्हशींचा गोठा. या भागात पूर्वी गुरांचा व्यापार चाले. शेजारच्या एका रस्त्याला आजही बफेलो रोड असेच नाव आहे. १९८२ साली बाजार रस्त्यापलीकडे सध्याच्या जागेत आला आणि चिनी लोकांच्या तोंडी असलेले 'टेक्का' हे नाव २००० साली अधिकृत झाले. तळमजल्यावर एकीकडे भाजी, फळे, मासळी आणि मांस, दुसरीकडे शिजवलेल्या अन्नाचे गाळे. वरच्या मजल्यावर कापड आणि शिंपी.

आपल्याकडे फेरीवाला म्हटला, की हातगाडी उचलून नेणारी पालिकेची गाडी आठवते. सिंगापूर सरकारने १९७१ ते १९८६ या काळात रस्त्यावरच्या विक्रेत्यांसाठी नळ, मोरी आणि छप्पर असलेली केंद्रे बांधली व त्यांना तेथे गाळे दिले. डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोने या खाद्यसंस्कृतीची नोंद मानवजातीच्या अमूर्त वारशात केली. आम्ही होतो त्या वेळी प्रत्येक गाळ्यावर स्वच्छतेची 'ए', 'बी' अशी श्रेणी लावलेली असे. आयुष्यभर कागद तपासण्यात गेलेल्या माझ्यासारख्या माणसाला हे पाहून फार बरे वाटले. पण आम्हाला हवे होते त्याचे प्रमाणपत्र कोणत्याच पाटीवर नव्हते.

सौ. पहिल्या दिवशी दारातूनच परतल्या. मासळीचा वास आला आणि त्यांनी पदर नाकाला लावला. "एकाच छपराखाली हे आणि ते! येथला घास माझ्या घशाखाली उतरणार नाही." माझे म्हणणे असे, की वसईतही आपण मासळी बाजारावरूनच भाजीला जातो. त्या म्हणाल्या, जातो, पण तेथे बसून जेवत नाही. हे उत्तर मला खोडता आले नाही.

मग मी एकटाच हिंडू लागलो. तेथील अनेक केंद्रांत चिनी शाकाहारी गाळा असतो. त्यावर त्यांच्या लिपीतील 'शाकाहार' हे अक्षर रंगविलेले असते. चिनी बौद्ध परंपरेत कांदा, लसूण आणि त्यांच्या जातीच्या उग्र भाज्या वर्ज्य आहेत, हे कळल्यावर मी हर्षभराने घरी फोन केला. पुढे कळले, की त्याच वर्ज्य यादीत हिंगही आहे! ज्या हिंगाच्या जोरावर आपण कांदा-लसणाशिवाय स्वयंपाक निभावतो, तोच त्यांना चालत नाही. उलट गाजर आणि अळंबी त्यांना पूर्ण मान्य. थोडक्यात, निम्मा हिशेब जुळला, निम्मा राहिला.

वेळेचा प्रश्न मात्र तेथे सुटलेला होता. विषुववृत्ताजवळचे शहर असल्याने सूर्यास्त बारा महिने सातच्या आसपास. उन्हाळ्यात लंडनला रात्री नऊपर्यंत उजेड आणि हिवाळ्यात दुपारी चारला अंधार, तशी चौविहार करणाऱ्यांची ओढाताण येथे नाही.

अक्का भेटल्या त्या सकाळी मी पुटु मायम शोधत होतो. तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या शेवया, वर ओले खोबरे आणि गुळसाखर. कोकणातल्या शिरवाळ्यांचीच बहीण. गाळ्यावर साठीच्या पुढच्या तमिळ बाई होत्या. मी कांदा, लसूण, बटाटा, गाजर असे एकेक नाव घेऊन विचारले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि शेवया दिल्या. नंतर डोशाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हा चालेल. चटणी आज घेऊ नका, कांदा आहे. उद्या तुमच्यासाठी आधी काढून ठेवीन." गिऱ्हाईक हातचे जाईल हे ठाऊक असताना स्वतःच्या मालातील उणे सांगणारा विक्रेता मी बँकेत कर्ज मागणाऱ्यांतही क्वचितच पाहिला.

ही गोष्ट ऐकून सौ. दुसऱ्या दिवशी आल्या. मासळीच्या बाजूने नाही, रस्त्याकडच्या दाराने. हातात घरचा स्टीलचा डबा. त्या बाईंना त्यांनी 'अक्का' अशी हाक मारली आणि तमिळ व मराठी दोघींनाही तो शब्द आपलाच वाटला. पुढे आठवड्यातून दोनदा हा क्रम चालला. सौ. डबा भरून घरी नेत, मी तेथेच मेजावर बसून खात असे. आमच्या या मतभेदाचा निकाल आजतागायत लागलेला नाही.

एकदा मी अक्कांना विचारले, "पुढे गाळा कोण चालवणार?" त्या हसल्या. मुलगी कार्यालयात नोकरी करते, पहाटे चारला उठून पीठ मळणार नाही. "माझे गुडघे थांबले, की गाळा थांबला." नंतर त्यांनीच मला विचारले, तुमचे दुकान मुलगा पाहतो का? मी म्हणालो, मी बँकेत होतो. खरे म्हणजे वसईत आमचेही किराणा दुकान होते. मी नोकरी धरली, थोरल्या बंधूंची मुले शिकून बाहेर पडली आणि बंधूंनी एका दिवाळीनंतर गादी गुंडाळली. दुकान घेणाऱ्याने माल, मापे आणि फळ्या मोजून घेतल्या. 'सुकेळी यंदा चांगली नाहीत, वहिनी, नेऊ नका' असे बंधू गिऱ्हाइकांना सांगत, त्याची किंमत त्या यादीत कोठे लावायची, हे एम. कॉम. झालेल्या मलाही उमजले नाही. हे मी अक्कांना सांगितले नाही.

गेल्या महिन्यात मुलाचा फोन आला. रविवारी तो आईचा डबा घेऊन टेक्काला गेला होता. गाळ्यावर नवा तरुण होता. चटणीत कांदा आहे का, असे विचारताच तो म्हणाला, "नाही, नाही, काहीच नाही." फार लवकर म्हणाला, असे मुलाचे मत. तो रिकामा डबा घेऊन परत आला.

सौ.नी फोन माझ्या हातातून घेतला. "चटणीचे राहू दे. अक्कांचे गुडघे कसे आहेत, ते विचारलेस का तेथे कोणाला?"