बेणारे हरत नाही

विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकावर तीन आक्षेप घेतले जातात. ते पुरुषद्वेष्टे आहे. नायिका शेवटी कोसळते, म्हणजे ते स्त्रीला दुबळी ठरवते. आणि कायदा बदलल्यामुळे ते जुने झाले आहे. संहिता नीट वाचली तर तिन्ही आक्षेप टिकत नाहीत.

पहिला आक्षेप घेऊ. खेडेगावात अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला आलेली मंडळी वेळ काढण्यासाठी आपल्यातल्याच लीला बेणारेवर भ्रूणहत्येचा लटका आरोप ठेवतात आणि बघता बघता तिचे खरे आयुष्य चव्हाट्यावर आणतात. तिला ओढून आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यात पुढाकार असतो काशीकरबाईंचा. नवरा त्यांना चारचौघांत पदोपदी गप्प बसवतो. त्याच बाई मिळवत्या, अविवाहित बेणारेविरुद्ध कडवट साक्ष देतात. उलट गावचा सामंत पुरुष असूनही सरळ मनाचा आहे. पण साक्ष हवी म्हटल्यावर तोही हातातल्या कादंबरीतला मजकूर वाचून दाखवतो. तेव्हा तेंडुलकरांचा रोख पुरुषांवर नाही. बाईच्या चारित्र्याचा निवाडा करायचा हक्क स्वतःकडे घेणाऱ्या समाजावर तो आहे, आणि त्या समाजात बायकाही आहेत.

दुसरा आक्षेप अधिक वरवरचा आहे. बाजू मांडायला कोर्ट बेणारेला मोजून काही सेकंद देते. तिचे प्रदीर्घ स्वगत सुरू होते तेव्हा रंगमंचावरचे बाकी सारे गोठलेले असतात. कोवळ्या वयात मामाने केलेला घात, पुढे प्राध्यापक दामल्यांनी फिरवलेली पाठ, पोटातल्या मुलासाठी जगण्याची जिद्द, हे सारे ऐकतात ते फक्त प्रेक्षक. तिच्यापाशी उत्तर होते; ते नोंदवून घेणारे कोर्ट नव्हते. नंतर निकाल लागतो. भ्रूणहत्येचा खटला चालवणारे न्यायाधीश काशीकर तिचा गर्भ नष्ट करण्याचीच शिक्षा फर्मावतात आणि ती जिवाच्या आकांताने नकार देते. ती कोसळते हे खरे, पण त्याआधी त्या न्यायासनाची अब्रू पुरती गेलेली असते. तिला जिंकवून लेखकाला प्रेक्षकांची सहज सुटका करता आली असती. तेंडुलकरांनी ती केली नाही, हे त्यांचे धैर्य.

उरला कायद्याचा मुद्दा. ‘रंगायन’ने अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली, सुलभा देशपांडे यांना बेणारेच्या भूमिकेत घेऊन, 1967 मध्ये हे नाटक रंगमंचावर आणले. गर्भपाताचा कायदा 1971 मध्ये झाला. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात विवाहित-अविवाहित असा भेद करता येणार नाही, असा निर्वाळा दिला. हे बदल मोलाचे आहेत. पण बेणारेला गर्भपाताची परवानगी नको होती. तिला मूल हवे होते आणि त्याला बापाचे नाव हवे होते. त्या मुलाच्या बापाचे काय होते? दामल्यांचा पुकारा होतो तो साक्षीदार म्हणून, आणि ते गैरहजर असतात. आरोपी एकटी बेणारे. नोकरी जाते तीही तिचीच. दोघांच्या संबंधाचा जाब एकटीला विचारण्याची ही रीत कोणत्याही कायद्याने मोडलेली नाही. आजही अशा प्रकरणात पहिली चर्चा बाईच्या वागण्याची होते.

म्हणून हे नाटक पुन्हा पुन्हा व्हायला हवे, आणि शेवट सौम्य न करता व्हायला हवे. ते करणाऱ्यांनी बेणारेसाठी केवळ सहानुभूती मागू नये. दामले कुठे आहेत, हा प्रश्न प्रेक्षकांना विचारावा आणि त्याचे उत्तर मिळेपर्यंत विचारत राहावे.