पाठीवरचा हात आणि मताची पारख

अमेरिकेतली एक गोष्ट आपल्यालाही लागू पडते. २०१४ मध्ये नेवाडातील प्रचारसभेत ज्यो बायडन यांनी मागून खांद्यावर हात ठेवून डोक्याचं चुंबन घेतलं, असं लुसी फ्लोरेस यांनी मार्च २०१९ मध्ये सांगितलं. बायडन म्हणाले, हेतू वाईट नव्हता. पण रीत बदललीय, यापुढं भान ठेवीन. दोनच दिवसांनी भरसभेत त्यांनी त्यावर विनोद केला! तरी २०२० ला निवडून आले.

आपल्या ग्रामपंचायतींत निम्म्या जागा महिलांच्या. सत्काराला कुणी सलगी केली, तर सदस्य ताईंना ‘नको’ म्हणणं जड जातं. म्हणून उमेदवार पारखताना हेतू विचारू नका. सांगितल्यावर वागणं बदललं का, ते बघा. पिशवीवरच्या चित्रावरून बियाण्याची उगवण ठरते का?