दहा दरवाजे, एक आज्ञा

झाशीच्या जुन्या तटाचे दहा दरवाजे प्रसिद्ध आहेत : खंडेराव, दतिया, उन्नाव, ओरछा, बडागाव, लक्ष्मी, सागर, सैंयर, भांडेर आणि झिरना. त्यांपैकी लक्ष्मी दरवाजातून बाहेर पडले की लक्ष्मी तलावाचा परिसर लागतो. महालक्ष्मीचे मंदिर आणि गंगाधररावांची समाधी याच परिसरात आहे. समजा, एखाद्या विद्यार्थ्याने या दहाही ठिकाणी आठवडाभर वाहनांची तासागणिक मोजदाद केली, आणि प्रत्येक दरवाजाची सरासरी त्याला ‘आर’ या सांख्यिकीय संगणकभाषेत काढावयाची आहे.

नवशिका बहुधा काय करतो? खंडेराव दरवाजासाठी चार ओळी लिहितो, त्याच आणखी नऊ वेळा उतरवितो आणि प्रत्येक ठिकाणी नाव तेवढे बदलतो. सहाव्या वेळी एका ओळीत ‘बडागाव’ हे नाव तसेच राहून जाते. आज्ञा व्याकरणदृष्ट्या शुद्ध असल्यामुळे संगणक तक्रार करीत नाही. लक्ष्मी दरवाजापुढे बडागावचा आकडा छापला जातो. आणि त्यावर विसंबून कोणी रहदारीची व्यवस्था ठरविली, तर चुकीचे फळ तेथील रहिवाशांस भोगावे लागते.

यावर उपाय आहे तो आवर्तनाचा, म्हणजेच ‘लूप’चा. दहा नावांची यादी करावी आणि ‘यादीतील प्रत्येक नावासाठी एवढे करा’ असे ‘फॉर’ या शब्दाने सांगावे. महिरपी कंसातील ओळी एकदाच लिहिल्या जातात; फेरीगणिक नाव आपोआप बदलते. कल्पना जुनीच आहे. बॅबेजच्या विश्लेषक यंत्राविषयी एडा लव्हलेस यांनी १८४३ साली प्रसिद्ध केलेल्या टिपणांत कृतींचा एकच गट पुनःपुन्हा चालविण्याचा विचार आढळतो.

तथापि ‘आर’च्या जाणकारांत आवर्तनाविषयी काहीशी नाराजी असते. ऑकलंड येथे रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी घडविलेली ही भाषा अख्ख्या स्तंभावर एकदम क्रिया करू शकते. मग फेऱ्या कशाला, असा त्यांचा प्रश्न. तो अगदीच गैर नाही. दोन स्तंभांची बेरीज करण्यास आवर्तन योजणे हा व्यर्थ खटाटोप होय. परंतु आवर्तनाच्या मंदगतीचा दोष पुष्कळदा लिहिणाऱ्याच्या सवयीत असतो : तो प्रत्येक फेरीत उत्तरांची यादी वाढवीत बसतो, प्रारंभीच दहा जागा राखून ठेवीत नाही. शिवाय २०१७ मधील ३.४ या आवृत्तीपासून आवर्तने चालविण्यापूर्वी यंत्राला सुकर अशा रूपात आपोआप बदलली जातात. यास्तव नवशिक्याला प्रथम आवर्तनच शिकवावे. त्यात कामाची प्रत्येक पायरी डोळ्यांपुढे राहते. संक्षेपाच्या युक्त्या मागाहून याव्यात.

आवर्तन चुकीपासून अभय देत नाही, हेही खरे. सूत्र चुकले तर दहाही उत्तरे चुकतील. पण दहा ठिकाणची एकच चूक लवकर नजरेत भरते आणि एके ठिकाणी दुरुस्त होते. दहांत एके ठिकाणी दडलेली चूक मात्र सहसा सापडत नाही. म्हणून आज्ञा एकदाच लिहावी, आणि लक्ष्मी दरवाजाची सरासरी एकदा कागदावर हाताने काढून पडताळावी. फेऱ्या मारण्याचे श्रम यंत्राने करावेत. पहिली फेरी बरोबर आहे की नाही, हे पाहण्याची जबाबदारी मात्र माणसाचीच आहे.